मे महिन्याचे कपडे

पलंगावर कपड्यांचा ढीग होता आणि लेक त्यातले काही उजवीकडे, काही डावीकडे टाकत होती. उजवीकडचे येणार, डावीकडचे घरी राहणार. देवगडला जायचं होतं, माझ्या आजोळी, चार-पाच दिवसांसाठी. डावीकडच्या ढिगातून मी तिचा निळा सुती कुर्ता उचलला. धुऊन धुऊन मऊ झालेला, अंगाला न चिकटणारा, दुपारी पिळून टाकला की संध्याकाळच्या आत वाळणारा. म्हटलं, "हा घे की. कोकणात असाच लागतो." तिनं मान वर न करता सांगितलं, "नको गं आई, तो मागच्या फोटोंत येऊन गेलाय."

कपडा उसवलाय, विटलाय, आखूड होतोय, दंडात घट्ट बसतोय, ही कारणं मला समजतात. नुसतं आवडत नाही म्हटलं तरी समजतं. 'येऊन गेलाय' हे कारण मात्र काही केल्या खाली उतरेना. दुसऱ्या दिवशी डोंबिवलीहून निघालेल्या लोकलमध्ये, लेडीज डब्यात उभ्या उभ्या मी आजूबाजूच्या बायकांचे ड्रेस बघत होते. दाराशी उभी राहणारी ती पिवळ्या बांधणीच्या ओढणीवाली, खिडकीतली करड्या कुर्त्याची, सगळ्याजणींची चार-पाच ड्रेसांची फेरपाळी वर्षभर आम्ही एकमेकींची बघत असतो. मंगळवारी पिवळी ओढणी दिसली तर उलट बरं वाटतं, वार चुकलेला नाही म्हणून. ज्या माणसांना रोज भेटायचं त्यांच्यासमोर तेच ते कपडे खुशाल चालतात, आणि जिथं आपल्याला कुत्रंही ओळखत नाही तिथं जाताना मात्र सगळं नवं लागतं. हे कधी सुरू झालं असेल?

कारण आमच्या लहानपणी मे महिन्याचे कपडे वेगळे असायचे ते नेमके याच्या उलट. परीक्षा संपली की आई कपाट उघडून बसायची आणि त्यातून सगळ्यांत वाईट ते निवडून काढायची. कॉलर विरलेला गणवेशाचा शर्ट, घेर सोडून सोडून आणखी सोडायला जागाच न उरलेला फ्रॉक, टेरीकॉटची ती तपकिरी चड्डी जी आमच्या तिन्ही भावंडांच्या अंगावरून गेली तरी मरायला तयार नव्हती. "आजोळी चालेल," असं म्हणत ती एकेक कपडा पिशवीत टाकायची. चांगला असा एकच जोड बरोबर यायचा, कुणाचं लग्न-मुंज निघालीच तर म्हणून, आणि तो पिशवीच्या तळाशी घडी न मोडता जाऊन घडी न मोडता परत यायचा.

यात गरिबी होती म्हणावं तर तसंही नाही. मे महिन्यात कोकणात कपडा अंगात घालून घराबाहेर पडला की तो डाग घेऊनच आत येतो, एवढी साधी गोष्ट होती. आणि डागांचीही प्रतवारी होती. आंब्याचा रस हा त्यातल्या त्यात गरीब डाग, साबणाचं ऐकणारा. त्याच आंब्याच्या देठाचा चीक मात्र निराळा, कपड्यावर पडला तर डाग आणि ओठाला लागला तर आठवडाभर खपली. फणसाचा चीक खोबरेल चोळल्याशिवाय बोटं सोडत नाही, मग कापड काय सोडणार. रातांब्याचा लाल, जांभळाचा जांभळा, करवंदाचा चिकट आणि सुकल्यावर काळपट. या सगळ्यांचा बाप म्हणजे काजूचं बोंड. त्याचा रस अंगावर ओघळतो तेव्हा अगदी पाण्यासारखा दिसतो, त्यामुळे घरी आल्यावर आपण साळसूदपणे वावरू शकतो. कपडा धुऊन उन्हात पडला की मग तपकिरी ठिपके वर येतात, आणि एकदा आले की कपड्याची चिंधी होईपर्यंत जात नाहीत. बोंडातलं टॅनिन कापसाच्या धाग्याला धरून बसतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. आजीचं रसायनशास्त्र एका वाक्याचं होतं: बोंडं खायची तर ओणवं होऊन खा. म्हणून आम्ही पोरं गडग्याशी रांगेत ओणवी व्हायचो, पाय फाकवून, मान पुढे काढून, कोपरं अंगापासून लांब धरून. पहिला घास घेतला की घशात तो तुरटपणा खवखवायचा आणि रस मनगटावरून कोपरापर्यंत येऊन तिथून थेंब थेंब लाल मातीत पडायचा. इतकी कवायत करूनही पोटावर ठिपका असायचाच.

त्या काळी जाणं एसटीचं. कोकण रेल्वे अजून यायची होती, संपूर्ण मार्गावर ती धावायला लागली १९९८ साली. आईच्या लहानपणी तर भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं जायचे, आणि बंदराशी आलं की बोटीतून पडावात नि पडावातून गुडघाभर पाण्यात उतरायचं, सामान डोक्यावर. त्यामुळे असेल, पण सामान म्हणजे एका माणसाला एका दमात डोक्यावर घेता येईल तेवढंच, हे तिच्या हाडात होतं. आमच्या वेळी एसटीच्या टपावर एक वळकटी आणि एक पत्र्याची ट्रंक चढायची, पण त्या ट्रंकेत आमचे कपडे तळाला चार बोटं. बाकी सगळं 'तिकडचं': चहाची पूड, साबणाच्या वड्या, आजोबांची औषधं, मामीसाठी परकराचं कापड, कुणीतरी कुणासाठीतरी दिलेली पुडकी. आमचे कपडे कमी पडले तर? "तिकडे आहेत," आई म्हणायची.

तिकडे म्हणजे माजघरातली लाकडी पेटी. झाकण उचललं की डांबराच्या गोळ्यांचा आणि चुलीच्या धुराचा असा मिसळलेला वास यायचा, आणि आत घरातल्या झाडून सगळ्या मुलांचे लहान झालेले कपडे असायचे. कुणाचे कोणते हे कुणी विचारायचं नाही, अंगाला येईल ते घालायचं. पहिल्या दिवशी दुपारी आम्ही अंघोळ करून बाहेर आलो की मुंबईची मुलं ओळखू यायची बंद. मामेभावाची नाडीची चड्डी, मावसबहिणीचं पोलकं, आणि डोकं पुसायला मामाचा पंचा. हे मला भारी आवडायचं, असं आता लिहायचा मोह होतो, पण तसं नव्हतं. दादरहून येणारी एक चुलत मामेबहीण रोज स्वतःचा इस्त्री केलेला फ्रॉक घालायची, तिच्या फ्रॉकला गळ्याशी लेस होती, आणि मी त्या लेसकडे बघत बघत कित्येक दुपारी घालवल्या आहेत. ती बोंडं खायला यायची नाही. त्याचं तेव्हा मला वाईट वाटायचं नाही, लेस मिळत असेल तर बोंडं न खाण्याची माझी तयारी होती.

थोडक्यात सांगायचं तर आम्ही हलकं सामान नेत होतो. आजकाल त्याची शिकवणी घेणारे व्हिडिओ असतात, कपड्यांच्या सुरळ्या करा, तीन रंगांत सगळं बसवा, वरचे तीन आणि खालचे दोन घेतले की सहा जोड होतात वगैरे. हिशेब बरोबरच आहे. पण हलक्या सामानाचं खरं गणित त्यात येत नाही, आणि ते मला कळलं तेव्हा मी स्वतः दोन पोरांची धुणी धूत होते.

ती दोन-दोन कपड्यांची पिशवी रोज कोण धूत होतं?

मामी. घरात मे महिन्यात लहानमोठी पंधरा-वीस माणसं असायची. सकाळचा घावन्यांचा रगाडा उरकला की मामी विहिरीवर जायची. रहाटानं पाणी ओढून दोणी भरायची, कपडे भिजवायचे, आणि मग त्या काळ्या धोंडीवर धपाधप आवाज सुरू व्हायचा तो डोक्यावर ऊन येईपर्यंत. तिची साडी कमरेला खोचलेली, पाठ घामानं आणि पाण्यानं सारखीच भिजलेली. डागाच्या जागी साबणाची वडी घासायची, मग मुठीत धरून मुठीवर चोळायची, उजेडाकडे धरून बघायची, परत चोळायची. पिळलेले पीळ खांद्यावर टाकून खळ्यात यायची आणि वलणीवर एकेक झटकून घालायची. झटकलेल्या कपड्यातून उडालेलं पाणी अंगावर घ्यायला आम्ही खाली उभे असायचो. आमची पिशवी हलकी होती कारण तिचं वजन मामीच्या खांद्यावर होतं. कपडे कमी नेणाऱ्या माणसाचं कौतुक करताना ते कोण धुतं हे आधी विचारावं, असं माझं मत झालंय. आमच्याच घरात हलक्या सामानाबद्दल प्रसिद्ध असलेले एक गृहस्थ आहेत. गाडीला अर्धा तास असताना दोन टी-शर्ट आणि एक बर्म्युडा सॅकमध्ये कोंबतात आणि "माझं झालं" म्हणून सोफ्यावर बसतात. त्यांचा टॉवेल, दाढीचं सामान, चार्जर, पित्ताच्या गोळ्या आणि परतीच्या प्रवासातला धुतलेला शर्ट कुणाच्या बॅगेत असतो हे सांगायला नको.

असो. कपड्यांकडे येते, कारण त्यात मला खरंच गोडी आहे. उन्हाळ्यात सुती घाला हा सल्ला सगळेच देतात, पण कुठला उन्हाळा हे कुणी विचारत नाही. माझी नणंद नागपूरची. तिकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला जातो, पण हवा कोरडी ठणठणीत. तिथली माणसं अंग झाकतात: पूर्ण बाह्या, डोक्याला-कानाला गुंडाळलेला पांढरा दुपट्टा, फक्त डोळे उघडे. ऊन थेट कातडीवर पडू द्यायचं नाही आणि घाम एकदम उडून जाऊ द्यायचा नाही, हे तिथलं शहाणपण. नणंद एकदा मे महिन्यात आमच्याबरोबर कोकणात आली ती याच सरंजामासह, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पडवीत बसून रडकुंडीला आली. "पारा तर चौतीसच्या वर नाही, मग मी उकडून का निघतेय?" उकडून निघतेय कारण हवेत आधीच इतका दमटपणा की अंगावरचा घाम उडायला जागाच नाही. ज्या कारणानं त्यांचा वाळ्याचा कूलर देवगडात कुचकामी ठरतो, त्याच कारणानं तो दुपट्टाही. कोकणात अंग मोकळं लागतं, कापड सैल आणि विरळ विणीचं लागतं. मामी त्या दुपारी काही न बोलता आत गेली आणि स्वतःची एक जुनी वायलची साडी घेऊन आली. नणंद उरलेले सगळे दिवस ती नि मामीच्या आणखी दोन, अशा तीन साड्यांवर राहिली. ड्रेस सगळे बॅगेत.

आता सुती म्हटलं तरी त्यातही खोच आहे. नेहमीच्या हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओलावा धरून असतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणून सुती कपडा घाम पिऊन घेतो आणि पॉलिएस्टरचा अंगाला लगटतो. पण जो पितो तो सोडताना आढेवेढे घेतो. जाड सुती टॉवेल कोकणात एकदा ओला झाला की दुसऱ्या दिवशी हाताला गार लागतो आणि तिसऱ्या दिवशी त्याला कुबट वास येतो. व्यायामाचे ते झटपट वाळणारे टी-शर्ट वाळतात खरे, पण त्यांना घामाचा वास असा धरतो की धुऊनही रेंगाळतो. जीन्सबद्दल तर मी बोलणारच नाही. म्हणजे बोलते: एक जीन्स पाऊण किलोच्या आसपास भरते, तेवढ्यात तीन कुर्ते येतात, ती ओली झाली की वलणीला पोक काढते आणि शिवणी दोन दिवस ओल्याच राहतात. समुद्रावर जाणाऱ्या माणसानं जीन्स का न्यावी हे मला कुणी समजावून सांगावं. या सगळ्यावर आमच्या लोकांनी फार पूर्वी काढलेला उपाय म्हणजे पंचा. अंग पुसा, नेसा, डोक्याला बांधा, रात्री पांघरा, वाटेत मिळालेले आंबे त्यात बांधून आणा. वजन नाममात्र, आणि वाऱ्याला धरला की पाच मिनिटांत अर्धा वाळलेला. पांढऱ्याशुभ्र कपड्यांच्या मोहात मात्र तिकडे पडू नये. आमच्याकडची माती लाल, आणि पांढऱ्या लेंग्याच्या कडा दोन दिवसांत विटकरी होतात. समुद्रकिनाऱ्यावर पांढरं घालून फोटो काढायची हल्ली पद्धत आहे, पण किनाऱ्यापर्यंत जायची वाट त्या फोटोत येत नाही.

फोटोवरून पुन्हा मूळ मुद्दा. मामेभावानं आता मागच्या पडवीच्या अंगाला दोन खोल्या काढल्यात, पर्यटक राहायला येतात. घर रस्त्यापासून खाली आहे, चिऱ्याच्या पायऱ्यांची पाखाडी उतरून जावं लागतं. मोठी कडक कवचाची ट्रॉली नुसती रिकामीच चार किलोवर भरते, आणि तिची ती चार चाकं विमानतळावरच्या फरशीसाठी केलेली. विमानवाले देशातल्या प्रवासात बहुधा १५ किलोंवर हात आखडता घेतात म्हणून तिथं माणसं निदान वजनाचा विचार तरी करतात. रेल्वे उदार, स्लीपरला नि थर्ड एसीला ४० किलो देते आणि तेही सहसा कुणी मोजत नाही. त्यामुळे कणकवलीला उतरून रिक्षानं, गाडीनं येणारी मंडळी पाखाडीच्या तोंडाशी येऊन थबकतात. मागच्या वर्षी एका तरुण जोडप्याच्या तीन ट्रॉल्या मामेभावानं डोक्यावरून उतरवल्या. संध्याकाळी ती मुलगी दर तासाला नवा ड्रेस घालून खळ्यात येत होती, तुळशीपाशी, रहाटापाशी, झोपाळ्यावर, आणि नवरा मुकाट फोटो काढत होता. मला हसू येत होतं. मामी आता थकलीय, तिथंच खुर्ची टाकून आमसुलं निवडत होती. तिला म्हटलं, बघ गं काय थाट. मामी म्हणाली, "बरा आसा गो बाय आता. ज्येचा तो हाडता, मळवता नि घेवन जाता." हाडता म्हणजे आणतो.

माझं हसू जिथल्या तिथं राहिलं.

त्याच रात्री लेकीनं घरातला जुना अल्बम काढला. दादरच्या मामांकडे आग्फाचा क्लिक थ्री होता, एका रोलवर बारा फोटो, त्यामुळे सुट्टीभरात खळ्यातला एखादा ग्रुप फोटो निघायचा, पुष्कळ झालं. सगळी पोरं उन्हाला डोळे बारीक करून उभी, मागे वलण, वलणीवर ओळीनं कपडे. "आई, हे काय घातलंयस तू?" लेकीनं विचारलं. चौकटीचा हाफ शर्ट होता, खिशाशी ठिगळ. मग तिनं पानं मागे उलटली आणि तोच शर्ट तिला दोन वर्षं आधीच्या फोटोत सापडला, मामेभावाच्या अंगावर, ठिगळाशिवाय. आणखी मागे, त्याच्या थोरल्या भावाच्या अंगावर, गुडघ्यापर्यंत येणारा. तिला त्याचा नादच लागला. पुढच्या पानावर तो शर्ट माझ्या धाकट्या भावाला आला होता, एक बाही उसवलेला. त्यानंतरच्या फोटोत तो कुणाच्याच अंगावर नाही. "मग गेला कुठं?" ती म्हणाली. मामीला विचारलं तर तिला आठवेना. फरशी पुसायला घेतला असेल, नाहीतर दुपट्यात शिवला असेल, नाहीतर भांडी उतरवायचं फडकं. लेक म्हणाली, "शी, कसं चालायचं तुम्हाला?" पण शर्टाचे ते सगळे फोटो तिनं मोबाइलवर काढून घेतले.

यावरून तिनं निळा कुर्ता बॅगेत घेतला असेल असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. तो डावीकडेच राहिला. तिची सॅक तिची ती उचलणार, तिचे कपडे तिचे ती धुणार, पाखाडी तिची ती उतरणार, एवढ्यावर आमचा तह झालाय, आणि तो मला परवडणारा आहे. माझ्या बॅगेत तीन सुती कुर्ते, दोन सलवारी, एक गाऊन आणि दोन पंचे. मामीला एक वायलची साडी, मऊ आबोली रंगाची. एवढ्यात आईचा फोन आलाच. तिला बॅगेत काय घेतलं यात कधीच रस नसतो, रिकाम्या पिशव्या किती घेतल्या यात असतो. येताना आंब्याची पेटी वेगळी, पण आमसुलं, कुळथाचं पीठ, फणसाची साटं, तळायचे गरे, हे सगळं पिशव्यांतून यायचं असतं, आणि त्यासाठी जाताना जागा ठेवून जायचं असतं. "कोकमाच्या आगळाच्या बाटल्या तेवढ्या नीट बांधून आण," ती म्हणाली, "मागे झाकण सैल होऊन सगळ्या बॅगेचा रंग गेला होता." हे खरं आहे. आगळ गळलं तर पंचे-बिंचे त्याला पुरे पडत नाहीत. बाटलीभोवती घट्ट गुंडाळायला जाड, दणकट आणि डाग न दिसणारं कापड लागतं. लेकीच्या उजवीकडच्या ढिगात दोन जीन्स होत्या. मी म्हटलं, राहू दे.